पक्षी पुष्कळ, म्हणून नदी निर्मळ?

हिवाळ्यातल्या एखाद्या दुपारी पुण्यात नदीवरच्या कोणत्याही पुलावर पाच-दहा मिनिटे उभे राहा. पाण्याला वास असतो, रंग काळपट असतो, जलपर्णीत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. पण पक्षी मात्र दिसतातच. लांबलचक गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोची मारत असतात, ढोकरी काठावर दबा धरून बसलेली असते, वर घारी गिरक्या घेत असतात. हे पाहून पुष्कळांच्या तोंडून एक वाक्य निघते : "एवढे पक्षी आहेत, म्हणजे नदी काही अगदीच वाईट झालेली नाही!"

वाक्य ऐकायला पटते. जिथे जीवसृष्टी भरपूर तिथे परिस्थिती चांगली, असे आपण शाळेतही शिकवतो. परंतु हे वाक्य एक विधान आहे आणि विधान तपासून पाहता येते. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक दुपार, एक वही, शक्य असल्यास एखादी दुर्बीण आणि काही प्रश्न एवढे साहित्य पुरते.

दुपारच का?

पक्षिनिरीक्षक पहाटे उठून जातात ते योग्यच आहे. झाडाझुडपांतले पक्षी सकाळी सर्वांत जास्त हालचाल करतात आणि ऊन चढले की गप्प होतात. नदीकाठचे हिशेब मात्र थोडे वेगळे आहेत. चिखलात आणि उथळ पाण्यात अन्न टिपणारे पक्षी हिवाळ्यात दिवसभर खात असतात. त्यामुळे साडेतीनला गेलो तरी ते कामात गुंतलेलेच सापडतात. पाचनंतर दुसरा अंक सुरू होतो. बगळे, शराटी, पाणकावळे आणि साळुंक्या रातथाऱ्याच्या झाडांकडे परतू लागतात. एका जागी उभे राहून, समोरून जाणारे थवे मोजता येतात.

आणखी एक सोय आहे. पुण्यातून बाहेर पडताना नदी साधारण पूर्वेकडे वाहते. दुपारी पुलावर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. उलट दिशेला पाहिले, तर सगळेच पक्षी काळ्या आकृत्या होऊन बसतात.

नदीत कोणते पाणी वाहते?

मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यात संगमावर एकत्र येतात. पुढे मुळा-मुठा या जोडनावाने ती नदी बंडगार्डन, येरवडा, मुंढवा असे करत शहराबाहेर पडते आणि शेवटी भीमेला मिळते. मुठेवर शहराच्या वर खडकवासल्याचे धरण आहे. धरणातले पाणी शहराला आणि कालव्यांना जाते. पावसाळा सोडला तर नदीच्या पात्रात फारसे पाणी सोडले जात नाही. म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शहरातल्या पात्रातून जे वाहते, त्यात मोठा वाटा आपल्याच घरांतून आलेल्या सांडपाण्याचा असतो. काही प्रक्रिया केलेल्या, काही तशाच सोडलेल्या. नदीवरचे पक्षी समजून घ्यायचे तर या सांडपाण्यापासून सुरुवात करावी लागते.

पाण्यातला ऑक्सिजन

एक लिटर हवेत सुमारे पाव ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, तापमान २५ अंश सेल्सिअस असताना, जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. पाण्यात राहणाऱ्यांच्या वाट्याला आपल्या तिसाव्या हिश्श्याइतकाच ऑक्सिजन येतो, असे म्हणता येईल. पाणी तापले की हा साठा आणखी कमी होतो.

सांडपाण्यात अन्नाचे कण, मलमूत्र, साबण असे सेंद्रिय पदार्थ असतात. जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना ऑक्सिजन वापरतात. किती ऑक्सिजन वापरला जाईल, हे मोजण्याच्या परिमाणाला 'जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी' किंवा थोडक्यात बीओडी म्हणतात. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. आता साधा भागाकार करा. २०० भागिले ८, उत्तर २५. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात येत असतो, बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना तो अधिक वेगाने मिसळतो. पण संथ पात्रात ही भरपाई अपुरी पडते. मासे आणि वन्यजीवांसाठी वापरायच्या पाण्यात लिटरला निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

इथे दुपारचा एक फसवा गुण लक्षात ठेवावा. उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि पाण्यात ऑक्सिजन सोडते. त्यामुळे शेवाळयुक्त पाण्यात दुपारी ऑक्सिजन सर्वांत जास्त असतो. रात्री तेच शेवाळ श्वसन करते, जिवाणूंचे काम तर चालूच असते, आणि पहाटेपर्यंत साठा तळाला जातो. मासे मेल्याचे बहुधा सकाळी लक्षात येते, त्यामागे हे एक कारण असते. म्हणून फक्त दुपारी मोजलेला ऑक्सिजन हा नदीचा नटूनथटून काढलेला फोटो समजावा. पक्षी मात्र पहाटेची परिस्थितीही सांगतात, कारण त्यांचे खाद्य चोवीस तास त्याच पाण्यात राहते.

चिखलातले तांबडे रहिवासी

ऑक्सिजन संपत आला की बहुतेक मासे, चतुरांच्या आणि इतर कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी, कोळंबी असे सगळे एकेक करून नाहीसे होतात. पण जागा रिकामी राहत नाही. दोन प्रकारचे जीव तिथे मुबलक वाढतात.

पहिला म्हणजे कायरोनोमस या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. ही अळी लालभडक असते, कारण तिच्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन असते. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत बंदिस्त असते, तर हिच्यात ते द्रवातच विरघळलेले असते आणि अत्यल्प ऑक्सिजनही पकडून ठेवते. दुसरा जीव म्हणजे ट्युबिफेक्स हा बारीक तांबडा कृमी. तो डोके चिखलात खुपसून शेपटीकडचा भाग पाण्यात हलवत राहतो. घरी मासे पाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो पाहिलेला असेल, कारण माशांचे खाद्य म्हणून तो दुकानात विकत मिळतो. दोघांनाही कुजणारा गाळ हे अन्न. स्पर्धा करणारे निघून गेलेले, खाणारे मासे उरलेले नाहीत. मग त्यांची संख्या बेसुमार वाढते.

आता शेकाट्यांकडे पुन्हा पाहा. लांब पाय, सुईसारखी सरळ बारीक चोच, आणि समोर अळ्या-कृमींनी भरलेला उथळ चिखल. ते स्वच्छ पाण्याच्या ओढीने आलेले नाहीत. त्यांच्यासाठी पानात वाढलेले असते म्हणून ते आले आहेत. या अळ्यांपासून तयार झालेल्या माश्यांचे थवे संध्याकाळी पाण्यावर घोंघावतात. पुलाखाली घरटी करणाऱ्या पाकोळ्या आणि तारेवर बसलेले वेडे राघू त्यांच्यावर ताव मारतात. चिखलाच्या कडेने शेपटी खालीवर करत फिरणारे धोबी आणि तुतवार यांचाही वाटा त्यातच असतो.

डोळ्यांनी शोधणारे आणि चोचीने चाचपणारे

ऑक्सिजनइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची पारदर्शकता. नदीवरच्या पक्ष्यांची विभागणी रंगांवरून किंवा आकारावरून न करता ते अन्न कसे शोधतात, यावरून करून पाहावी. वर्गात हा उत्तम उपक्रम होतो.

पहिला गट मासे डोळ्यांनी हेरणाऱ्यांचा. काळ्यापांढऱ्या रंगाचा बंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो आणि मग सूर मारतो. नदी सुरय पात्रावरून फेऱ्या मारत माशावर झेप घेतो. निळा छोटा खंड्या फांदीवरून नेम धरतो. पाणकावळा तर पाण्याखाली पाठलाग करतो. या सर्वांना दोन गोष्टी लागतात : पाण्यात मासे असावेत आणि पाण्यातून ते दिसावेत.

दुसरा गट चाचपणाऱ्यांचा. मोर शराटी आपली बाकदार चोच चिखलात खुपसून स्पर्शाने अन्न शोधतो. थापट्या बदकाची चोच पळीसारखी रुंद असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ वाढते, त्यावर सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि पाणी हिरवट गढूळ असले तरी थापट्याचे काही अडत नाही. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी खातो. तळ्या-नदीतल्या काही मोठ्या गोगलगायी कल्ल्यांबरोबर फुप्फुसासारख्या पिशवीनेही श्वास घेतात, म्हणून त्या ऑक्सिजन कमी असला तरी तग धरतात.

तिसरा गट मिळेल ते खाणाऱ्यांचा. यात घार, कावळा, गायबगळा आणि ढोकरी येतात. त्यांची उपस्थिती पाण्याविषयी फारसे काही सांगत नाही. शहराविषयी मात्र बरेच सांगते.

या विभागणीतही सावध राहावे लागते. छातीवर पांढरा शुभ्र पट्टा असलेला नेहमीचा मोठा खंड्या दिसला की 'नदीत मासे आहेत' असे विद्यार्थी चटकन लिहितात. पण हा खंड्या पाण्यापासून दूर बागेतही राहतो. नाकतोडे, सरडे, बेडूक असे काहीही खातो. तेव्हा त्याची साक्ष कच्ची. छोट्या खंड्याची साक्ष अधिक पक्की, तरी तीही तपासायला हवी. गप्पी आणि गॅम्बुशिया हे डासांच्या अळ्या खाण्यासाठी ठिकठिकाणी सोडलेले मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरातला ऑक्सिजन वापरून खराब पाण्यातही जगतात. छोटा खंड्या त्यांच्यावरही गुजराण करू शकतो. एका पक्ष्यावरून निकाल देऊ नये. सगळ्या पंगतीकडे पाहावे.

संख्या आणि विविधता

समजा, विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी एकाच दुपारी दोन ठिकाणी अर्धा-अर्धा तास नोंदी केल्या. पहिल्या ठिकाणी २०० पक्षी दिसले; त्यांतले १६० शेकाटे आणि बाकीचे पाच जातींचे. दुसऱ्या ठिकाणी एकूण ७० पक्षी, पण १९ जातींचे. त्यांत बंड्या, नदी सुरय, टिबुकली, हळदीकुंकू बदक असे वेगवेगळ्या तऱ्हेने पोट भरणारे. कोणत्या ठिकाणची नदी बरी? केवळ डोकी मोजली तर पहिली. पण पहिल्या ठिकाणी अन्नाची एकच दुकानदारी तेजीत आहे. दुसऱ्या ठिकाणी बाजार भरलेला आहे. निसर्गातल्या आरोग्याचे माप बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते.

हा फरक एकाच नदीवर पाहता येतो. खडकवासल्याच्या बाजूला, शहराच्या वरच्या अंगाला एक नोंद करावी. दुसरी बंडगार्डन परिसरात किंवा येरवडा-कल्याणीनगरच्या काठावर, जो डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जातो. तिसरी सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला. कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक बदकांच्या केशरी जोड्या पाहायला दूरदूरचे लोक येतात. ही बदके लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा थंड प्रदेशांत वीण करून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. तिथेच पाण्यावर साबणाच्या फेसाचे ढीगही दिसतात. एकाच चौकटीत दोन्ही गोष्टी पाहिल्या की सुरुवातीचे विधान किती घाईचे होते ते उमगते.

पाणी सुधारले तर पक्षी घटतील?

वरचा विचार खरा असेल, तर त्यातून एक चमत्कारिक वाटणारे अनुमान निघते. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया होऊ लागली, तर काही पक्षी कमी व्हायला हवेत. असे प्रत्यक्षात घडलेले आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराचे सांडपाणी फोर्थच्या खाडीत सोडले जाई. त्यावर पोसलेल्या अन्नासाठी स्कॉप नावाची बदके तिथे हिवाळ्यात हजारोंनी जमत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झाले आणि पुढच्या हिवाळ्यांत बदकांची संख्या झपाट्याने घसरली. पाणी सुधारले होते. आयते अन्न बंद झाले होते.

म्हणून मुळा-मुठेवर उद्या शेकाटे निम्मे झाले आणि त्याच वेळी बंड्या व सुरय वाढले, तर ती वाईट बातमी नसेल. पण शेकाटेही गेले आणि बंड्याही आला नाही, तर काहीतरी वेगळेच बिघडले आहे असे समजावे. बहुतेक वेळा ते काठाचे बिघडणे असते. पाण्याची गुणवत्ता आणि काठाचा आकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शेकाट्याला आणि तुतवाराला उतरता, उथळ, चिखलाचा काठ लागतो. नदी सुरय उघड्या वाळूवर किंवा खडकाळ बेटांवर अंडी घालतो. हा पक्षी आता जागतिक यादीत धोक्यात आलेल्यांपैकी मानला जातो. छोटा खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करतो. काठ सरळ बांधून काढला, तर पाणी काचेसारखे झाले तरी यांना जागा उरत नाही. पुण्यात नदीकाठ सुधारणेच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. सांडपाणी शुद्धीकरणाच्या मोठ्या योजनेसाठी त्याआधी २०१६ मध्ये जपानी कर्जाचा करार झाला. म्हणजे पाणी आणि काठ, दोन्ही बदलण्याच्या काळात आपण आहोत. अशा काळात 'आधी काय होते' याची नोंद नसेल, तर पुढचा कोणताही वाद नुसत्या आठवणींवर चालेल.

अशी नोंद किती मोलाची असते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. पुण्यातील इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांचा अभ्यास करून १९८४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्याचे शीर्षकच 'एका प्रदूषित नदीवरचे पक्षी' अशा अर्थाचे होते. नदी प्रदूषित आहे आणि तिच्यावर पक्षीही आहेत, या दोन गोष्टी एकत्र मांडण्याचे काम चाळीस वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

वहीत काय लिहावे?

शाळेने एक जागा ठरवावी आणि ती बदलू नये. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तीस मिनिटांत, ठरलेल्या दोन खुणांमधल्या पट्ट्यातले पक्षी मोजावेत. प्रत्येक पक्ष्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : जात, संख्या, आणि तो काय करत होता. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'बगळा, ४' यापेक्षा 'बगळा, ४, जलपर्णीवर उभे राहून कीटक टिपत होते' ही नोंद पुढे दहापट उपयोगी पडते. पक्ष्याचे नाव आले नाही तर चोच, पाय आणि चाल यांचे वर्णन लिहावे. नाव नंतर शोधता येते. पाण्याचा रंग, वास, फेस, जलपर्णी आणि धरणातून पाणी सोडले होते का, हेही टिपावे. एकही बंड्या दिसला नाही, तर 'बंड्या : शून्य' असे मुद्दाम लिहावे. न दिसणे हीसुद्धा माहितीच आहे.

याला एका सोप्या प्रयोगाची जोड देता येईल. शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, नदीचे पाणी एका बाटलीत आणि नळाचे पाणी दुसऱ्या बाटलीत काठोकाठ भरावे. दोन्हींत मेथिलीन ब्लूचे सारखेच थेंब घालून घट्ट बूच लावावे आणि बाटल्या अंधारात ठेवाव्यात. जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला की निळा रंग उडतो. ज्या बाटलीतला रंग लवकर उडेल, तिची ऑक्सिजनची मागणी जास्त. विद्यार्थ्यांना पाण्यात उतरू देऊ नये, आणि परत आल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

या नोंदी शाळेतच पडून राहायला नकोत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ईबर्डसारख्या सार्वजनिक संग्रहातही नोंदी घालता येतात. पण सर्वांत आधी हव्यात त्या शाळेच्या कपाटात ओळीने लावलेल्या वह्या, दर वर्षीच्या तुकडीने पुढच्या तुकडीला सोपवलेल्या. दहा वर्षांनी नदी सुधारली की नुसतीच सजली, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडेल. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि पुलाचे नाव लिहिले की काम सुरू झाले.